ताणासाठी अश्वगंधा, ब्राह्मी, तुळस: सुरू करण्याआधी काय बघायचं आणि कसं घ्यायचं

डॉक्टरांनी विचारलं, "थायरॉइडच्या गोळीशिवाय आणखी काही घेता का?" मी म्हटलं, "नाही." त्या वेळी माझ्या पर्समध्ये अश्वगंधाच्या कॅप्सूलची बाटली होती, ऑफिसच्या खणात ताण घालवणाऱ्या चूर्णाचा डबा होता आणि घरी रोज सकाळी अकरा वनस्पतींचा काढा उकळत होता. मला खोटं बोलायचं नव्हतं. ते सगळं आयुर्वेदिक होतं, म्हणून मी ते मोजलंच नव्हतं.

मी नाशिकमधल्या सातपूरच्या एका कारखान्यात अकाउंट्सला आहे. मार्चएंडला आमच्याकडे घरी जायची वेळ नसते, फक्त निघायची इच्छा असते. त्यात मुलाची दहावी आणि सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन. झोप मोडली, तशी एकेक गोष्ट सुरू केली. कॅप्सूल ऑनलाइन मागवल्या, चूर्ण मैत्रिणीनं दिलं, काढ्याचं मिश्रण एका दुकानातून आणलं. महिन्याभरात छाती धडधडायला लागली, हात थरथरायला लागले, वजन उतरलं. मला वाटलं ताण वाढला, म्हणून मी मात्रा वाढवली. मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्तचाचणी, केली. संप्रेरकं जास्त झाली की हा आकडा उतरतो, आणि माझा जवळपास तळाला गेलेला. अश्वगंधा थायरॉइडची संप्रेरकं वाढवू शकते, मी आधीच थायरॉइडची गोळी घेत होते, आणि तिन्ही डब्यांत अश्वगंधा होतीच. सगळं बंद केल्यावर धडधड थांबायला आणि रिपोर्ट जागेवर यायला दीड महिना लागला.

पुढचं सगळं त्या दीड महिन्यात वाचलेलं, विचारलेलं आणि नंतर नीट करून पाहिलेलं आहे. मी वैद्य नाही. फक्त जिथे मी घसरले त्या जागा तुम्हाला दाखवते.

या वनस्पतींना हल्ली एक नाव लावतात, आधी त्याबद्दल थोडं. 'अ‍ॅडॅप्टोजेन' हा शब्द संस्कृत ग्रंथांतला नाही. १९४७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय लाझारेव यांनी तो काढला आणि पुढे इस्राएल ब्रेखमन यांनी सायबेरियातल्या एका झुडपावर काम करून तो रुळवला. शरीराला फारसं न दुखावता कुठल्याही प्रकारच्या ताणाशी जुळवून घ्यायला मदत करणारा पदार्थ, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे याच्या सगळ्यात जवळ जाणारी कल्पना म्हणजे रसायन, म्हणजे शरीराची ताकद टिकवणारं औषध. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानाचा पहिलाच अध्याय रसायनाचा आहे, आणि त्यात मंडूकपर्णी, ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी ही चार मेध्य, म्हणजे बुद्धीला बळ देणारी, रसायनं सांगितली आहेत. दोन्ही कल्पना तंतोतंत एक नाहीत. दुकानदार मात्र दोन्ही एकाच पिशवीत घालून विकतो.

शरीरात काय होतं ते साधं आहे. ताण आला की मेंदूतून निरोप निघतो, पीयूषिका ग्रंथीतून तो मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत जातो आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. कॉर्टिसॉल वाईट नाही. सकाळी उठवतं तेच. बिघडतं ते रात्री अकरालाही ते उतरत नाही तेव्हा. या वनस्पती ती साखळी थोडी सैल करत असाव्यात, असं आजवरच्या लहान लहान अभ्यासांवरून दिसतं. 'थोडी' या शब्दावर जोर द्या.

१. ताण आहे की दुसरंच काही, ते आधी तपासा

चूर्णाच्या आधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, टीएसएच, बी-१२, ड जीवनसत्त्व, उपाशीपोटीची साखर आणि यकृताची चाचणी म्हणजे एलएफटी. थकवा, चिडचिड, झोप न लागणं, केस गळणं हे सगळं बी-१२ कमी असल्यानंही होतं, आणि पूर्ण शाकाहारी घरांत ते कमी असणं काही नवलाचं नाही. माझ्या जाऊबाई वर्षभर ब्राह्मी घेत होत्या. त्यांचं हिमोग्लोबिन आठ निघालं.

एलएफटीचं कारण वेगळं आहे. पुढे कधी त्रास झाला तर तुलनेला आधीचा आकडा हाताशी लागतो.

आता दुसरी गोष्ट. काही ताणांना वनस्पतीचा उपयोगच नसतो. माझ्या दिराची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली, घड बाहेर पडले आणि अवकाळी आला, की त्यांची झोप उडते. त्यांना मी काय अश्वगंधा देणार? आभाळ निवळलं की ते आपोआप झोपतात. कर्जाचा, नोकरीचा, घरातल्या भांडणाचा ताण चूर्णानं जात नाही. फार तर तो सोसायला थोडी जास्त झोप मिळते. तेवढ्याच अपेक्षेनं घ्या.

आणि पुढची लक्षणं असतील तर हा लेख इथेच ठेवा आणि डॉक्टरांकडे जा: छातीत दुखणं, श्वास अडकणं, दोन आठवड्यांहून जास्त दिवस कशातच मन न लागणं, जगण्यात अर्थ नाही असं वाटणं. शेवटच्या बाबतीत टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. केंद्र सरकारची मोफत सेवा आहे, चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. मानसोपचाराच्या गोळ्या चालू असतील तर त्या चूर्णाच्या भरवशावर बंद करू नका. चूर्ण जोडायचं असेल तरी गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच जोडा.

२. काय काय जमवायचं

- गेल्या तीन महिन्यांतले रक्ताचे रिपोर्ट
- चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी, होमिओपॅथी, प्रोटीन पावडर, काढे, गुडघ्याचं तेल सगळं धरून
- एक वही, शंभर पानी पुरे
- ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा
- बीपी मोजायचं मशीन, घरात कोणाला बीपी असेल तर
- घट्ट झाकणाची काचेची बरणी
- खरेदीचं बिल, बॅच नंबर दिसेल असा पाकिटाचा फोटो

औषधांची यादी करायला मला दोन दिवस लागले. घरात फिरून डबे उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका.

वजनकाटा म्हणजे चोचले वाटतील. पण 'एक चमचा' या मापावर माझा आता विश्वास नाही. आमच्या घरातल्या चहाच्या चमच्यात सपाट भरलेलं अश्वगंधा चूर्ण अडीच ग्रॅम भरलं आणि सासूबाईंच्या हातचं, शिगोशीग, जवळपास पाच.

३. एक वनस्पती निवडा. एकच.

या लेखातलं तुम्ही बाकी काही केलं नाही तरी एवढं करा. अकरा वनस्पतींच्या मिश्रणानं बरं वाटलं तर कशानं वाटलं ते कळत नाही, आणि त्रास झाला तर कशानं झाला तेही कळत नाही.

*अश्वगंधा.* जुनी माणसं हिला आस्कंद म्हणतात. सासूबाई म्हणतात की त्यांच्याकडे बाळंतिणीला आस्कंदाचे लाडू द्यायचे. वांगी, टोमॅटो, मिरचीच्या कुळातलं झुडूप, औषधाला मूळ वापरतात. मुळाला घोड्यासारखा वास येतो म्हणून हे नाव. आपल्याकडच्या बाजारातला बराचसा माल मध्य प्रदेशातल्या नीमच-मंदसौर पट्ट्यातून येतो. ताणावर सगळ्यांत जास्त अभ्यास हिचाच झाला आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय चाचणीत ६४ जणांपैकी काहींना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला. अर्क घेणाऱ्यांचा ताण आणि रक्तातलं कॉर्टिसॉल, दोन्ही औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं. चौसष्ट माणसं म्हणजे आमच्या कँटीनमधली एक पंगत. आशादायक म्हणा, सिद्ध झालं म्हणू नका.

कोणी घेऊ नये: गर्भवती, बाळाला अंगावर पाजणाऱ्या, थायरॉइडची गोळी घेणारे किंवा थायरॉइड जास्त असलेले, यकृताचा आजार असलेले, संधिवात-ल्युपससारखे स्वप्रतिकारशक्तीचे आजार असलेले, अवयव प्रत्यारोपण झालेले. बाळंतिणीच्या लाडवांचं मी वर सांगितलं, पण ते वैद्यांना विचारल्याशिवाय करू नका. मधुमेह, बीपी किंवा झोपेची गोळी चालू असेल तर औषधाचा परिणाम वाढू शकतो, म्हणून डॉक्टरांना सांगूनच. अश्वगंधा घेतल्यानंतर यकृताला सूज आल्याची प्रकरणं जगभरातून नोंदली गेली आहेत. ती विरळा आहेत, पण आहेत. डेन्मार्कनं २०२३ मध्ये हिच्यावर बंदीच घातली. आपल्याकडच्या बऱ्याच तज्ज्ञांना ते पटलं नाही.

*ब्राह्मी.* इथे नावाचाच घोळ आहे. महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून बऱ्याचदा मंडूकपर्णी विकतात. तिचं पान गोल, बेडकाच्या पावलासारखं. अभ्यास ज्या ब्राह्मीवर जास्त झाले ती नीरब्राह्मी: ओलाव्यात वाढणारी, पानं छोटी, जाड, फुलं पांढरट-निळसर. दोन्ही चांगल्या, पण एक नव्हेत. पाकिटावर वनस्पतीचं शास्त्रीय नाव बघा: 'बॅकोपा मोनिएरी' म्हणजे नीरब्राह्मी, 'सेंटेला एशियाटिका' म्हणजे मंडूकपर्णी. ब्राह्मी स्मरणशक्तीसाठी जास्त तपासली गेली आहे आणि तिचा परिणाम दिसायला बारा आठवडे लागतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात मुलाला ब्राह्मी देणाऱ्या आयांनो, मीही तेच केलं होतं. रिकाम्या पोटी घेतली तर मळमळ आणि जुलाब होतात, म्हणून जेवणानंतर. आणि ब्राह्मीचं तेल डोक्याला लावणं हा वेगळा विषय. छान वाटतं, पण ते मालिशचं श्रेय.

*तुळस.* नव्या माणसाला मी इथूनच सुरुवात करायला सांगते. अंगणात असते, तिची ओळख चुकत नाही, आणि चहात घालून घेतल्यानं सहसा काही बिघडत नाही. काळी आणि पांढरी दोन्ही चालतात. काळी जास्त तिखट. मूठभर पानांचा अर्क करून घ्यायला लागलात की मात्र ती औषध होते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा दिवस राहण्यासाठी उपचार चालू असतील तर रोजच्या पाच-सात पानांपुढे जाऊ नका.

*गुळवेल.* कोविडनंतर प्रत्येक सोसायटीच्या कुंपणावर चढलेली दिसते. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वेल ओळखण्यात चूक झाली असावी, कारण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असते. वाद काहीही असो. कुंपणावरची वेल कापून काढा करणं मी सोडलं.

*ज्येष्ठमध.* गोड लागतं म्हणून सगळ्या काढ्यांत असतं. रोज जास्त घेतलं तर बीपी वाढतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. बीपीवाल्यांनी ताणासाठी हे घेणं म्हणजे आगीतून फुफाट्यात.

*शतावरी.* बायकांसाठी म्हणून विकतात. ताणावर माणसांमध्ये झालेला अभ्यास फार थोडा. शतावरी कल्पात साखर किती आहे ते डबा उलटा करून वाचा.

बाहेरच्या जिनसेंग, ऱ्होडिओला वगैरेंच्या नादी लागू नका. ऱ्होडिओला आपल्या लडाखात 'सोलो' नावानं उगवतो, पण नाशकात जो मिळेल तो कुठून आला हे तुम्हाला कोणी सांगणार नाही. जटामांसी हिमालयात नष्ट होत चालली आहे. तिला राहू द्या.

माझी निवड? अश्वगंधा मला बंद. वैद्यांच्या सल्ल्यानं मी बारा आठवडे नीरब्राह्मी घेतली. प्राण्यांवरच्या प्रयोगात तिच्यानंही थायरॉइड संप्रेरक वाढलेलं दिसलं आहे, म्हणून सहाव्या आठवड्यात टीएसएच पुन्हा केला. तो ठीक होता.

४. खरेदी: घाटावरची पिशवी आणि दुकानातला डबा

रामकुंडाच्या आसपास किंवा त्र्यंबकेश्वरला जडीबुटी मांडून बसलेली माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातले काही खरंच जाणकार असतात. पण तुम्ही जाणकार नसाल तर तिथून मूळ विकत घेऊ नका, आणि कुटलेली पूड तर नकोच. कुटल्यावर मूळ आणि खोड दोन्ही सारखंच दिसतं. २०२७ च्या सिंहस्थाला घाट माणसांनी भरेल तेव्हा अशा पिशव्या आणखी दिसतील.

जुन्या नाशकात काष्ठौषधींची दुकानं आहेत. तिथे चूर्णाऐवजी अख्खं मूळ मागा. चांगलं आस्कंदमूळ बाहेरून फिकट पिवळट-तपकिरी, आतून पांढरं, पिठूळ. मोडलं तर कटकन मोडतं. चव कडू-तुरट. वाकतं आणि मोडत नाही ते ओलसर, म्हणजे बुरशीला आमंत्रण. लाकडासारखे तंतू निघाले तर त्यात खोड मिसळलं आहे. मूळ धुऊन, कडक वाळवून मिक्सरला फिरवा आणि मलमलीतून गाळा. मिक्सरचं भांडं दोन दिवस घोडं घोडं वासतं. चटणी करायच्या आधी मूठभर तांदूळ फिरवून काढा.

पाकीट घ्यायचं असेल तर एवढं वाचा.

पहिलं, ते औषध आहे की अन्न. आयुर्वेदिक औषधावर उत्पादन परवान्याचा क्रमांक असतो. 'फूड सप्लिमेंट' म्हणून विकलेल्यावर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, चौदा आकडी क्रमांक. दोन्ही नसेल तर खाली ठेवा. दुसरं, वनस्पतीचा कुठला भाग. अश्वगंधाच्या बाबतीत 'मूळ' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. पानं स्वस्त पडतात, म्हणून अर्कात घालतात. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानं उत्पादकांना पानं वापरू नका असं कळवलं होतं. तिसरं, चूर्ण की अर्क. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल दिसायला लहान, म्हणून चार घेतल्या, असं करू नका. अर्क दाट असतो आणि त्यातले विथॅनोलाइड, म्हणजे अश्वगंधातले मुख्य घटक, किती टक्के हे पाकिटावर दिलेलं असतं. ते दिलेलं नसेल तर तुम्ही काय घेताय ते तुम्हालाच माहीत नाही. चौथं, भस्म. यादीत कुठलंही भस्म (धातू जाळून केलेलं औषध) किंवा 'रस' (पाऱ्याचं औषध) असेल तर ते वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय नको. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या साधारण पाचव्या हिश्श्यात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पाचवं, अरिष्ट आणि आसव. अश्वगंधारिष्टात आंबवताना आपोआप तयार झालेला अल्कोहोल असतो. घरात कोणी दारू सोडत असेल तर ही बाटली आणू नका.

'शंभर टक्के नैसर्गिक' या शब्दांना काहीच अर्थ नाही. धोतराही नैसर्गिकच.

ब्रह्मगिरीला किंवा हरसूलच्या रानात गेल्यावर स्वतः खणून आणायचा मोह आवरा. शतावरीचं मूळ खणलं की ती वेल गेली. आणि चुकीचं मूळ खणलं तर तुम्ही.

५. वैद्यांकडे जाताना

पंचवटीत गणेशवाडीला आयुर्वेद महाविद्यालय आहे. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येतं. खासगी वैद्यांकडे जाणार असाल तर भिंतीवर दोन गोष्टी शोधा: बीएएमएसची पदवी आणि महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक. संकोच करू नका, विचारलं तर चांगला वैद्य रागवत नाही.

जाताना यादी आणि रिपोर्ट न्या. सरळ विचारा: माझ्या चालू गोळ्यांबरोबर हे चालेल का, किती ग्रॅम, किती दिवस, आणि थांबवायचं कशावरून ठरवायचं. शेवटच्या प्रश्नाला उत्तर न देता "घेत राहा, आयुर्वेदाला साइड इफेक्ट नसतात" असं म्हणणारा भेटला तर उठून या. मला एक भेटला होता. फी देऊन आले, औषध न घेता.

आणि तुमच्या नेहमीच्या अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांनाही सांगा. ते हसतील किंवा कपाळाला आठ्या घालतील. घालू द्या. त्यांच्या कागदावर नोंद झाली म्हणजे पुरे.

६. मात्रा, वेळ, अनुपान (कशाबरोबर घ्यायचं)

अश्वगंधा मुळाच्या चूर्णाची भारतीय आयुर्वेदिक औषधकोशातली मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम. पहिल्या आठवड्यात एक ग्रॅमपासून सुरू करा, रात्री जेवणानंतर. काहींना गुंगी येते. माझा भाऊ पंचवटी एक्सप्रेसनं मुंबईला अपडाऊन करतो. त्यानं सकाळी घेतली आणि गाडीत गाढ झोपला, ते ठीक. पण कसारा घाट स्वतः चालवत उतरणार असाल तर तुमच्या अंगाला काय होतं ते कळेपर्यंत दिवसा घेऊ नका.

दुधात घ्यायची जुनी रीत म्हणजे क्षीरपाक: औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. म्हणजे ५ ग्रॅम चूर्णाला ४० मिलिलिटर दूध आणि १६० मिलिलिटर पाणी. मंद आचेवर पाणी आटून दुधाइतकं उरेपर्यंत उकळायचं आणि गाळायचं. पंचवीस-तीस मिनिटं जातात. चवीला कडवट, खडीसाखरेनं सुसह्य होतं. दूध पचत नसेल तर कोमट पाणी चालतं. मधुमेह असेल तर खडीसाखर नाही, कडू तसंच प्या.

ब्राह्मी जेवणानंतर, थोड्या तुपाबरोबर. तुळशीचा चहा संध्याकाळी, त्यात चहापत्ती न घालता. हे मुद्दाम सांगते, कारण आपण दिवसाला पाच कट चहा पितो आणि रात्री झोपेसाठी चूर्ण घेतो. मी चूर्ण सुरू करण्याआधी दुपारी तीननंतरचा चहा पंधरा दिवस बंद करून पाहिला. खरं सांगायचं तर निम्मी झोप तिथेच परत आली.

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते. तिच्याजवळ कुठलीही वनस्पती येऊ देऊ नका.

७. वही

रोज चार आकडे: किती वाजता झोपले, किती वेळा जाग आली, दिवसभरात चिडचिड दहापैकी किती, पोट कसं. बीपी असेल तर तोही. महत्त्वाचं म्हणजे चूर्ण सुरू करायच्या आधीचे दोन आठवडेही लिहा, नाहीतर तुलना कशाशी करणार? आणि त्या दिवशी काय घडलं ते दोन शब्दांत. द्वारका म्हणजे आमच्या नाशकातला गाड्या तुंबणारा चौक, आणि माझ्या वहीत 'द्वारकाला पाऊण तास' असं लिहिलेल्या प्रत्येक दिवशी चिडचिड सातच्या वर आहे. त्यावर ब्राह्मीचा काडीचा परिणाम नाही.

८. थांबायचं कधी

सुरू करतानाच वहीच्या पहिल्या पानावर थांबायची तारीख लिहा. अश्वगंधाच्या बहुतेक चाचण्या दोन-तीन महिन्यांच्या आहेत, वर्षानुवर्षांच्या नाहीत. मी आठ आठवडे घेऊन थांबा म्हणेन, ब्राह्मी असेल तर बारा. मग महिनाभर काहीच नाही, वही चालू. बंद केल्यावर फरक पडला नाही तर ती तुम्हाला लागत नव्हती. पैसे वाचले.

तारखेआधी लगेच थांबायची लक्षणं: डोळे किंवा त्वचा पिवळी, लघवी गडद, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडणं, उजव्या बरगडीखाली दुखणं. ही यकृताची. त्याच दिवशी डॉक्टर आणि एलएफटी, सोबत ते पाकीट न्या. धडधड, थरथर, घाम, कारण नसताना वजन उतरणं ही थायरॉइडची. अंगावर पुरळ आलं तरी बंद. आणि ऑपरेशन ठरलं असेल तर किमान दोन आठवडे आधी सगळं थांबवा आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. सासूबाईंच्या गुडघ्याच्या वेळी मी ते विसरले होते. त्यांनी स्वतःच सांगितलं, माझ्यादेखत, "ही मला कसलासा काढा देते."

९. कुंडीत लावून बघायचं असेल तर

तुळस सगळ्यांकडे असते, पण आपल्याकडच्या डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ती खराट्यासारखी होते. रात्री कुंडी भिंतीच्या आडोशाला घ्या, मंजिऱ्या खुडत राहा, पाणी कमी करा. नीरब्राह्मी उथळ टबात, चिखल राहील अशी, अर्ध्या उन्हात. एक काडी खोचली तर दोन महिन्यांत टब भरतो.

अश्वगंधाला उलट हवं: निचरा होणारी हलकी माती, भरपूर ऊन, पाणी बेतानं. बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, पावसाचा जोर ओसरताना टाकायचं. पाच-सहा महिन्यांनी, पानं वाळून फळं नारिंगी-लाल झाली की उपटायचं. मुळं सरळ खाली जातात, म्हणून कुंडी उथळ नको, फूटभर खोल तरी हवी. मी गच्चीत सहा रोपं लावली होती, यांच्यासाठी, कारण मला चालत नाही. फेब्रुवारीत काढली. धुऊन, कापून, वाळवून काट्यावर ठेवली तर सगळी मिळून साठ ग्रॅम भरली. दिवसाला तीन ग्रॅम धरले तर वीस दिवसांची.